चौखांदा तालीम

धोंडाबाईच्या सासरच्या तालमीत रोज संध्याकाळी माती सपाट करून ठेवायची रीत होती. शेवटचा गडी अंग पुसून बाहेर पडला की वस्तादानं लाकडी दाताळं घेऊन सगळा आखाडा ओढायचा, मारुतीपुढं दिवा लावायचा आणि दाराला कडी घालायची. सकाळी जो पहिला आत जाईल त्यानं आधी मातीकडं बघायचं. मांजर फिरलं असेल तर मांजराचा माग दिसतो, साप फिरला असेल तर सापाचा. मगच पाय टाकायचा.

टाळेबंदीपासून बंद पडलेली ही तालीम यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, उघडली. माती खणली, ताक, तेल, हळद घालून मळली, आणि दुसऱ्याच सकाळी तिच्यात पावलं उमटली.

माणसांची, अनवाणी. मारुतीच्या कोनाड्यापासून निघून दारापर्यंत आलेली. दोन पुढं, दोन मागं, अशी चार माणसं एका चालीनं गेल्यासारखी, टाचा खोल रुतलेल्या. उंबऱ्याशी येऊन ती थांबली होती. परत फिरल्याची खूण नव्हती. आणि चौघांच्या मागोमाग पाचवी एक जोडी होती, तिची बोटं मारुतीकडं आणि टाचा दाराकडं.

उलटी पावलं कुणाची असतात हे सायखेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आधी सगळ्यांनी टवाळ पोरांवर आळ घेतला. कुलूप लावलं. कुलूप जागच्या जागी आणि पावलंही जागच्या जागी. जेठ सरला तोवर काठी शिकायला येणारी अर्धी पोरं आयांनी घरी बसवली. भगत आणा, पूजा घाला, तालीमच पाडा, असं ज्याला जे सुचेल ते तो सांगू लागला.

"भूत असतं तर माझ्या तोंडापुढं टिकलं असतं का?" धोंडाबाई म्हणायची. "माझा नवरा टिकला नाय, तो तर जित्ता होता."

लोक हसायचे. तीही हसायची. पण घरात आली की तिचं हसू उंबऱ्यातच राहायचं, कारण घरात कारभारी होता.

कारभारी तिचा एकुलता एक लेक आणि तालमीचा वस्ताद. दरवाजातून आडवा होऊन आत यावं लागायचं एवढा त्याचा देह. आखाजीपासून तो उतरायला लागला. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. नाशिकला नेऊन फोटो काढले, मानेत गॅप आहे म्हणाले, पट्टा दिला. पट्टा खुंटीवर गेला. कारभारी दिवसभर आखाड्यात बसून माती ओढायचा, सकाळची पावलं पुसायचा, आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा असायची.

"आत्याबाई, ताट परत तसंच आलं," सून संध्या म्हणायची.

धोंडाबाई झाकण उचलून बघायची. भाकरीचा एक कोपरा मोडलेला, बस. तिच्या हेही ध्यानात आलं होतं की मातीत टाचा दिवसेंदिवस खोल चालल्यात आणि लेक दिवसेंदिवस हलका. हे ती कुणाला बोलली नाही. काही गोष्टी बोलल्या की खऱ्या होतात.

श्रावणातल्या एका रविवारी दिनेश आला. अंबडच्या कारखान्यात नोकरीला होता आणि तालीम संघाचा चिटणीसही होता. खंडेनवमीला शस्त्रपूजा, मग काठीची प्रात्यक्षिकं, पाहुणे आणि दारावर नवा बोर्ड, असं सगळं त्यानं ठरवून टाकलं होतं. पोरं परत यावीत म्हणून.

"आजी, बोर्डावर तालमीचा इतिहास टाकायचाय," तो ओट्यावर बसत म्हणाला. "शत्रूला पाणी पाजण्यासाठी स्थापना झाली, असं लिहितो."

"कोणचा शत्रू रे?"

"असेल ना कुणीतरी."

"तुझ्या आज्याला एकच शत्रू होता, त्याची बायको. तिला बी त्याला पाणी पाजता आलं नाय, तोच तिला पाजून गेला." तिनं अडकित्ता खाली ठेवला. "चौखांदा म्हंजी काय ते तरी ठावं हाय का?"

"चार कोपऱ्यांची. आखाडा चौकोनी आहे म्हणून."

"चार खांदे रे, बाळा. मढ्याला लागतात ते."

दिनेशनं इतिहास टिपायला काढलेला फोन खाली घेतला.

मग धोंडाबाईनं सांगितलं. प्लेगाच्या साली गाव उठून रानात गेलं, झोपड्या घालून राहिलं. मागं जे राहिले ते घरात मेले, आणि सख्ख्या लेकानं बापाला हात लावू नये असे दिवस आले. तेव्हा तिच्या आजेसासऱ्यांनी तालीम काढली. कुणाला चीत करायला नव्हे. ओल्या वाळूची गोण खांद्यावर घेऊन नदीवरच्या मसणघाटापर्यंत चालायचं आणि वाटेत टेकायचं नाही, हा इथला पहिला डाव. ओस गावातून मढं न्यायचं तर मागून कुत्री, कोल्ही लागायची, मढ्याच्या अंगावरचा सोन्याचा डाग ओढायला माणसंही टपलेली असायची. म्हणून पाचवा गडी काठी घेऊन मागं राहायचा. काठी इथं आली ती तशी आली.

"ज्याला चार माणसं नायत त्याची चार माणसं आपण," ती म्हणाली. "मारुतीपुढं हे बोलल्याबिगर लंगोट मिळायचा नाय. आणि खांदा मागायला कुणी आलं तर जात पुसायची नाय, रोग पुसायचा नाय. दाराला कडी हाय ती चोरासाठी, मढ्यासाठी नाय. सासरे रोज म्हणायचे."

"म्हणजे मढी वाहायला तालीम? आजी, पाहुण्यांपुढं हे कसं लिहू?"

"नाक कशाला मुरडतो? तुला काय खांदा लागणार नाय? उडत जाशील?"

दिनेश हसला. पण ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला कारभारी उठला आणि पायात वहाणा न घालता तालमीकडं चालता झाला. धोंडाबाई त्याच्या पाठीकडं बघत राहिली. ज्या पोराला तिनं पोटात वाहिलं त्याची पाठ तिला वाचता येत होती.

दिनेश गेल्यावर ती तालमीत गेली. कारभारी मातीत बसला होता.

"कुणाला दारातून परत लावलंस?" तिनं विचारलं.

त्यानं हातातलं दाताळं बाजूला ठेवलं. मग खाली बघतच बोलू लागला.

करोनाच्या दुसऱ्या सालची गोष्ट. सुरगाण्याकडचा मंगळू दर वर्षी बायको-लेकीला घेऊन द्राक्षाच्या कामाला यायचा. कालव्याकडेच्या खोपटात तो मेला. तापानं मेला की कशानं, बघायला डॉक्टर होता कुठं? चौखांद्याच्या तालमीतून खांदा मिळाल्याशिवाय कुणी परत जात नाही, असं बायकोला कुणीतरी सांगितलं. तालीम बंदच होती, पण भर दुपारी ती दारात आली तेव्हा कारभारी आत मारुतीपुढं एकटा बसला होता.

"मी आतून कडी घातली," तो म्हणाला. "तिनं दार वाजवलं नाय. हाक बी मारली नाय. नुसती उभी राहिली. फटीतून सावली दिसत होती. मग माय-लेकींनी कांद्याची हातगाडी घेतली. चाकाचा आवाज घाटापर्यंत येत होता."

"आणि तू ऐकत बसलास."

"तू घरात तापानं फणफणली होतीस, आई. मी रोग घेऊन आलो असतो तर?"

धोंडाबाई खाली टेकली नाही, तिथंच उभी राहिली.

"माझ्या जिवाचं निमित्त केलंस," ती म्हणाली, "आणि मला विचारलं बी नाय. विचारलं असतंस तर उठून मी गेले असते खांदा द्यायला."

तो मंगळूच आहे, असं दोघांनाही त्या घडीला पक्कं वाटलं. खांदा न मिळालेला माणूस खांदा मागत येतो, दाराशी अडतो, आणि ज्यानं अडवलं त्याला झिजवतो. मग त्याच्या बायकोनं येऊन त्याला घेऊन जावं, पाय धरावे लागले तर धरू. धोंडाबाईनं आजवर पाय धरले होते ते फक्त देवाचे, आणि तेही नवस फेडायच्या दिवशी.

भादव्यात दोघं एसटीनं सुरगाण्याला गेली आणि तिथून जीपनं पुढं. पाड्यावर मंगळूच्या बायकोचं, भागीबाईचं, घर विचारावं लागलं नाही, ती अंगणात रानभाजी निवडत बसली होती. तिनं कारभारीला ओळखलं. उठली नाही.

"मी खांदा मागायला आले होते. तू काय मागायला आला?" ती म्हणाली.

कारभारी अंगणाच्या कडेलाच थांबला. धोंडाबाईच पुढं झाली. तिनं काही झाकलं नाही. कडी सांगितली, पावलं सांगितली, लेकाचा खांदा सांगितला. "बाई, तुझा माणूस माझ्या तालमीत अडकलाय," ती म्हणाली. "तुझ्या पाया पडते, त्याला घेऊन जा."

भागीबाईनं हातातली भाजी खाली ठेवली.

"माझा माणूस कुठंच अडकला नाही. तो तिकडं आहा," तिनं गावाच्या शिवेवरच्या झाडाकडं हात केला. झाडाखाली उभे दगड होते, काहींना शेंदूर लावलेला. "आमचेत मेल्यावर दगड बसवतात. त्याशिवाय तो घरी येत नाही. बाप्ये सगळे खाली मजुरीला गेलेले. मग आम्ही बायांनीच ओहोळातून दगड उचलला, खांद्यावर आणला. त्या सांजेला तो आला, जेवला, बसला. आता पोरीच्या पोराला खेळवतो."

"मग तुझा शाप लागला म्हणावं."

"शाप द्यायला मला वेळ कुठं होता, आजे? गाडी ढकलायची होती."

भागीबाई तिच्याकडं बघत होती, रागानं नव्हे, एखाद्या आजारी जनावराकडं बघावं तसं.

"तुझ्या मातीत पाय कसा उठतो, दाखव."

अंगण ओलं होतं. धोंडाबाईनं पायातली वहाण काढून टाच रोवली, भार टाकला. भागीबाई वाकून बघत राहिली.

"हा मेल्याचा पाय नाही," ती म्हणाली. "मेला कधी आपल्या पायानं घाटावर जातो का? त्याला नेतात. ही नेणाऱ्यांची पावलं आहात. तुमचेच कोणी आहात ते."

"आणि पाचवा? तो तर उलटा चालतो."

बोलता बोलताच धोंडाबाईचा आवाज खाली गेला. नवी सून असताना तिनं सासऱ्यांना मढ्यामागं जाताना पाहिलं होतं. काठी धरणाऱ्याची पाठ तिरडीला आणि तोंड गावाकडं. मागून काय येतंय ते त्याला दिसलं पाहिजे, म्हणून सबंध वाट तो मागच्या पायानं चालायचा. इथली काठी तशीच शिकवायचे, मागं मागं पाय टाकत. आजूबाजूच्या तालमी टर उडवायच्या, सायखेड्याचे पळत लढतात म्हणून. पुढं स्पर्धा आल्या, कारभारीनं पोरांना फोनवर बघून पुढचे पाय शिकवले, आणि मागचे पाय घरातलीच माणसं विसरली. अख्ख्या गावानं सासऱ्यांना भूत ठरवलं, आणि त्यांची सून गप्प बसली.

"आबा," कारभारी म्हणाला. आजोबांना तो आबाच म्हणायचा, त्यालाही उमगलं होतं.

"पण टाचा रुतल्यात," धोंडाबाई हळू म्हणाली. "खांदे रिकामे नायत त्यांचे. काय हाय त्यांच्या खांद्यावर?"

भागीबाईनं कारभारीकडं पाहिलं. त्याचा लोंबलेला हात, सदऱ्याच्या गळ्यातून वर आलेली हाडं.

"जो बारीक होतो आहा," ती म्हणाली, "त्यालाच विचार ना."

परत येताना एसटीत मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. धोंडाबाईला कळायचं ते कळलं होतं. दार लावून माणूस परत लावला म्हणून थोरले उठले होते. तालीम बंद होती तोवर त्यांना पाय टाकायला माती नव्हती. आता होती. आणि ज्यानं खांदा दिला नाही, त्यालाच त्यांनी खांद्यावर घेतलं होतं.

घरी येताच तिनं पहारीनं तालमीच्या दाराच्या दोन्ही कड्या उपटून काढल्या. इथं तिची चूक झाली. तिला वाटलं, दार मोकळं झालं की ते मोकळे होतील. दुसऱ्या सकाळी पावलं उंबरा ओलांडून पायरीवर आली होती. मग लिंबाखाली. मग गल्लीत. रोज थोडी पुढं, आणि तोंड घाटाकडं. खांद्यावरचं ओझं त्यांना कुठंतरी पोहोचवायचं होतं, आणि ते कुठं हे गावात कुणाला सांगायला नको. कारभारीनं अंथरूण धरलं.

"आत्याबाई, कुणाला तरी विचारा, काही करा," संध्या रडायची.

"एकच करता येतं," धोंडाबाई म्हणाली. "त्यांच्या खांद्यावर दुसरं मढं द्यायचं. ज्याला कुणी नाय असं."

मग ती वाट बघत बसली. अशी वाट शत्रूनंही बघू नये. पितृपाटात गावात दोन म्हातारी माणसं गेली, पण दोन्हींच्या दारात लेक, जावई, पुतणे, उभं राहायला जागा नाही. धोंडाबाई दोन्ही ठिकाणी गेली, बसली, रडणाऱ्या बायांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मनात म्हणाली, यांना आपली गरज नाही. घाटाच्या वळणावर पावलं आली तेव्हा तिनं सकाळी तिकडं जायचं सोडून दिलं.

खंडेनवमी उजाडली. तालमीपुढं मांडव पडला, काठ्या, पट्टे, जुनी ढाल मारुतीपुढं मांडली. दिनेश फेटा बांधून पाहुण्यांची वाट बघत होता. कारभारीला दोघांनी धरून आणून खुर्चीत बसवलं, वस्ताद म्हणून. पूजा चालू असतानाच मांडवाच्या कडेला कुजबूज झाली. कांद्याच्या खळ्यावरचा राखणदार मेला होता. तिकडचा, उत्तरेतला, हत्तीसारखा आडदांड गडी. दवाखान्यातून आणून खळ्यावरच ठेवला होता. घरच्यांना फोन केला, ते म्हणाले एवढ्या लांबून कसं येणार, तुम्हीच करा. ट्रॅक्टर सांगितला होता.

धोंडाबाई उठली.

"ट्रॅक्टर परत लावा," ती म्हणाली. "दिनेश, फेटा काढ."

"आजी, पाहुणे फाट्यावर आलेत."

"त्यांना म्हणावं, बसा. तालमीचा इतिहास बघायला आलेत ना? बघतील."

दिनेशनं मांडवाकडं बघितलं, बोर्डावरच्या पडद्याकडं बघितलं, आणि फेटा काढला. काठीवाल्यांतले सार्थक आणि किशोर पुढं झाले. चौथा कुणी हलेना. मग कारभारी खुर्चीचा हात धरून उठला.

"यांच्यात जीव कुठाय खांदा द्यायला?" संध्या आडवी आली.

"जीव राहावा म्हणूनच," धोंडाबाई म्हणाली. "सर बाजूला, पोरी."

मागं काठी धरायला कुणी उरलं नव्हतं. बाईमाणसानं घाटावर जाऊ नये, असं कुणीतरी म्हणालं. धोंडाबाईनं मारुतीपुढची काठी उचलली. "मी पुढं कुठं जाते?" ती म्हणाली. "मी तर मागंच राहते."

खळ्यावर तिरडी बांधली. उचलताना चौघे वाकले, कारभारीचा खांदा खचला, आणि मग सावरला. धोंडाबाईनं तिरडीकडं पाठ केली, तोंड गावाकडं केलं, आणि मागच्या पायानं चालायला लागली. काठी टेकत, टाच चाचपत. तिला वाटलं होतं आपण दहा पावलांत पडू. पडली नाही. पाऊस सरला होता, वाटेवर बारीक फुफाटा बसला होता, आणि तोंड मागं असल्यामुळं चौघांनी टाकलेलं प्रत्येक पाऊल तिला दिसत होतं.

वळणापाशी तिला दिसलं की पावलं चौघांचीच नाहीत.

पोरांच्या पावलांच्या कडेनं दुसरी उमटली होती. चालणारे दिसले नव्हते. फुफाटा दबलेला आणि ठसा ताजा, रुंद पंजाचा, टाच खोल. कारभारीच्या ठशाबाहेर एक, दिनेशच्या ठशाबाहेर एक, मागच्या दोघांच्याही. मग तिनं आपल्या पायापाशी बघितलं. तिच्या पावलाशेजारी, वीतभर अंतरावर, तिच्यासारखाच मागं मागं येणारा एक ठसा फुफाटा दाबत उमटत होता, आणि तिच्या काठीच्या टोकाशेजारी दुसऱ्या काठीचं टोक.

ती ओरडली नाही. वेग वाढवला नाही. वर बघितलं नाही.

घाटावर तिरडी उतरवली तेव्हा दिनेश खांदा चोळत नव्हता, नुसता त्याकडं बघत होता.

"वस्ताद," तो म्हणाला, "माझ्यावर वजनच नव्हतं. तुम्ही एकट्यानं पेललं का?"

"मला वाटलं तुम्हीच पेललंत," कारभारी म्हणाला.

सार्थक आणि किशोर जवळ जवळ सरकून उभे राहिले. लाकडं रचली. अग्नी कारभारीनं दिला. नदीत बुडी मारून कारभारी पाण्यातून वर आला तेव्हा त्यानं उजव्या हातानं डोक्यावरचं पाणी निपटलं आणि हात तसाच वर धरून क्षणभर बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "भूक लागलीय."

धोंडाबाई घाटाच्या वरच्या पायरीवर गावाकडं तोंड करून उभी होती. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि पार कपाळावर ओढला. सासरे गेल्यापासून तिनं कुणापुढं डोकं झाकलं नव्हतं, गावच्या पाटलापुढंही नाही. सार्थक झपाझप पायऱ्या चढून पुढं निघाला, तशी तिनं काठी आडवी धरून त्याला थांबवलं.

"हळू चला," ती म्हणाली. तिचा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता इतका खाली होता. "थोरली माणसं पुढं चाललीत. त्यांना घरी पोचू द्या."